पावसाळ्यात .२२ रायफल मिसफायर होते (घोडा दाबूनही गोळी सुटत नाही), झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी अडकते. साफसफाई कशी ठेवावी?

बॅरलच्या (नळीच्या) आधी चेंबर (काडतूस बसतं ती मागची जागा) आणि बोल्ट (ते मागून बंद करणारा सरकता भाग) बघा. मॅचच्या काडतुसाची गोळी उघड्या शिशाची, वर मेणकट वंगण. ते जळक्या पावडरीसकट चेंबरमध्ये थापून बसतं. मग काडतूस पूर्ण बसत नाही, काडतुसावर आपटणाऱ्या पिनचा जोर ते पुढे ढकलण्यातच जातो. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) नखाखालचा काळा चिकटा टूथपिकने काढा. पुंगळी अडकण्याचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा. सफाईचा रॉड चेंबरकडूनच घाला, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून. तोंडाकडून घातला की क्राउन (नळीच्या तोंडाची कड) घासतो आणि ग्रुप फाटतो, म्हणजे गोळ्या विखरून लागतात. सॉल्व्हंटचं एक फेल्ट (नमद्याचा बोळा) फिरवा, पाच मिनिटं थांबा, मग स्वच्छ निघेपर्यंत कोरडी फेल्टं. गोळी उघड्या शिशाची, म्हणून तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट इथे पैसे वाया.

बोल्टमध्ये तेल ओतू नका, चिकटून पिन मंदावते आणि पुन्हा मिसफायरच. कोल्हापूरच्या दुधाळी शूटिंग रेंजवरून जुलैत दमट हवेतली रायफल आणून तशीच पेटीत कोंडणं म्हणजे गंजाला आवतण. पुसा, बाहेरून तेलाचा पुसट हात द्या, पेटी उघडी ठेवा. सफाईनंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट भरकटू शकतात. लगेच साइट (नेम धरायचं साधन) फिरवत बसू नका.

मिसफायर झालाच, तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.