नाकाबंदीत शब्द अडतात तेव्हा

प्रश्न : अर्धांगवायूनंतर वडिलांना शब्द सापडत नाहीत, जीभ अडखळते. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आहे, पण जळगाव रस्त्यावरच्या नाकाबंदीत ते प्यायलेले वाटतात. काय करावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : अर्धांगवायूनंतर असे शब्द न सापडणे म्हणजे वाचाघात. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहा : ‘मला वाचाघात आहे. बोलायला वेळ लागतो. दारू प्यायलेलो नाही, श्वासचाचणी घ्या.’ खाली घरचा मोबाइल नंबर. हे कार्ड, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि डॉक्टरांचे पत्र एकाच पाकिटात, समोरच दिसेल असे ठेवा. पोलीस येईपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर. कप्प्यांत शोधाशोध केली की उगाच संशय वाढतो.

कार्डाच्या मागे पोलिसांसाठी : एका वेळी एकच छोटा प्रश्न, मग थांबा. कागद-पेन देऊन भागत नाही. वाचाघातात लिहिणेही अडते. शिवाय ‘हो’ म्हणायचे असताना ‘नाही’ निघून जाते, म्हणून तेच उलट विचारून खात्री करा.