टेप कुंपणापासून धरायची

मिरज,
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री अकरा वाजता आला. मावसभाऊ तंबाखूचा मावा खातो, गणेश मंडळाच्या कमानीला तंबाखूवाल्या कंपनीचे पैसे येऊ घातलेत, आणि बंदी असून माल मिळतोच तर कायद्याचा काय उपयोग, असं तू लिहिलंस. फोनवर बोटाने टाइप करत बसण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून कागद घेऊन बसले. आधी एक काम सांगते, पुढचं सगळं त्यानंतर वाच. टपरीवाल्या आजोबांचा जो व्हिडिओ तू मित्रांच्या ग्रुपवर टाकलास, तो काढून टाक. मी पाहिला. चारजण मोबाइल धरून त्यांच्यासमोर उभे आहात आणि "मुलांना विष विकता, लाज वाटत नाही का?" असं तू विचारतोयस. ते काही बोलत नाहीत, नुसते बरणीवरचं फडकं पुन्हा पुन्हा सारखं करतात. मला तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघवला नाही.

तुझा राग खोटा नाही. सोळा वर्षांचा मावसभाऊ मावा खातो हे कळल्यावर तू शांत बसला असतास तर मला वाईट वाटलं असतं. पण राग कुठे खर्च करायचा याची चूक मी स्वतः एकदा केली आहे, म्हणून तुला ती सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नववीला विज्ञान शिकवत होते. एका मुलाच्या खिशात मला माव्याची पुडी सापडली. मी त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि ती पुडी हातात उंच धरून दाखवली. त्याची प्रयोगवही वर्गात सगळ्यांत देखणी असायची, फुलाच्या उभ्या छेदाची आकृती तर छापल्यासारखी. आठवडाभरात त्याने शाळा सोडली. पुढे वीसेक वर्षांनी तो एसटी स्टँडवर भेटला. "बाई" म्हणून पाया पडला. आम्ही चहा घेतला. त्याने चहा बशीत ओतला आणि ओठ जेमतेम विलग करून बशीच्या कडेने आत ओढला. जबडा उघडत नव्हता. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालता येत नाही, आमटीत कुस्करून घेतो, म्हणाला. मला त्याने एका शब्दानेही दोष दिला नाही. गाडी लागल्यावर धावत जाऊन माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून दिली.

त्याच्या खिशातली पुडी मला दिसली होती. पण ती जिथून आली ती टपरी शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती आणि ती मला कधी दिसली नाही. त्या टपरीवर माल टाकायला दर आठवड्याला जो माणूस मोटारसायकलवरून यायचा, तो तर नाहीच. आज तू तिघांपैकी टपरीवाल्यापर्यंत पोहोचला आहेस. आणखी एक पाऊल मागे जा, एवढंच माझं म्हणणं आहे. माल बनवणारा, जाहिरात करणारा आणि तुमच्या गणेश मंडळाच्या कमानीवर नाव लावायला पैसे घेऊन येणारा, तिथे बघ.

कमानीवर येतेच. त्याआधी तुमचं पोस्टर. कॉलेजच्या भिंतीवर तुम्ही मोठी सिगारेट काढली आहे, तिच्या धुरातून कवटी निघते आहे. चित्र चांगलं आहे, पण ते आपल्या गावाचं नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडे तंबाखू ओढतात कमी. मळतात, चघळतात, दाताला लावतात. माझी आई पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू भाजायची. त्या वासाने आम्हाला ठसका लागून जाग यायची. मग ती भाजलेली पानं चुरून डबीत भरायची आणि तर्जनीने दातांवर मिसरी घासत अंगणात बसायची. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही, तिनेही स्वतःला मानलं नाही. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांच्या कमरेला आजही तीच डबी असते, कारण मिसरी लावली की भूक मरते. तुमच्या पोस्टरमध्ये माझी आई कुठे आहे? तुझा मावसभाऊ तरी कुठे आहे?

माव्याचं आणखी एक. सिगारेटच्या पाकिटावर २०१६पासून ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापावं लागतं. व्यसन सोडायला मदत करणाऱ्या सरकारी दूरध्वनीचा नंबरही त्यावर असतो, १८००-११२-३५६, फुकट आहे. तो पाठ करून ठेव. पण मावा कसा बनतो ते तू पाहिलं असशील. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळून हाताने घासायचा आणि वर रबर लावायचं. त्यावर ना चित्र, ना नंबर, ना कारखान्याचं नाव. सुटी सिगारेट विकली तरी तेच होतं, गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट येतच नाही. म्हणूनच महाराष्ट्राने २०२०च्या सप्टेंबरमध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. ही बंदी कुणाला ठाऊक आहे? तुमच्या पथनाट्यात हे घाला. कवटीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि मावसभावाला एवढंच सांग, "नुसती सुपारी आहे, काही होत नाही" हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे, तंबाखू नसला तरी. त्याला उपदेश करू नकोस. आरशासमोर उभा कर आणि त्याचीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांग. गेली तर ठीक. नाही गेली तर दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरकडे, आणि तू बरोबर जायचंस.

आता कमान. मिरजेच्या विसर्जनाच्या स्वागत कमानी बघायला तीन जिल्ह्यांतून माणसं येतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. इतके डोळे एका ठिकाणी असताना तिथे नाव झळकवायला त्या कंपनीने मंडळाला पैसे देऊ केले याचं मला नवल वाटलं नाही. नाव इलायचीचं आहे, अध्यक्ष म्हणतात त्यात तंबाखू कुठे? अध्यक्षांना विचार, त्याच नावाची, त्याच रंगाची तंबाखूची पुडी टपरीवर मिळते की नाही. तंबाखूची जाहिरात करता येत नाही, म्हणून इलायचीची करायची. नाव तेच, अक्षरं तीच, नट तोच. २००३च्या तंबाखूविरोधी कायद्याचं कलम ५ काढून वाच. त्यात आडवाटेने केलेली जाहिरातही बसते. तंबाखूच्या ब्रँडचं नाव पुढे करण्यासाठी प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्ती देण्या-घेण्याचा करारही त्यात बसतो. जाहिरातीच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

हा कागद घेऊन आधी एकटा अध्यक्षांच्या घरी जा. सगळ्यांसमोर बैठकीत काढू नकोस. माणूस चारचौघांत अडला की तो पैशासाठी नाही, आपल्या शब्दासाठी भांडतो. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. त्या कमानीला किती येणार होते तो आकडा घे. दूधसंस्था, सराफ, हळदीचे व्यापारी, महिला बचत गट, माझ्यासारखे पेन्शनवाले, कुणाकडून किती निघतील याची यादी करून जा. माझे दोन हजार त्यात आत्ताच लिही. तरी नाही ऐकलं, तर मंडळ सोडू नकोस. तू बाहेर पडलास की पुढच्या वर्षी हे विचारणारा तिथे कुणी उरणार नाही.

असल्या कंपन्या उद्या तुमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला, झाडं लावायला, कबड्डीच्या सामन्यांनाही पैसे घेऊन येतील. "अठरा वर्षांखालील मुलांना विकू नका" असं लिहिलेली पाटीसुद्धा स्वखर्चाने लावून देतील. ती पाटी मुलांना थांबवत नाही. मोठं झाल्याची खूण तंबाखू आहे, एवढंच ती पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवते. ज्या धंद्याची जुनी गिऱ्हाइकं मरतात किंवा सवय सोडतात, त्याला नवीन गिऱ्हाईक मिशा फुटण्याच्या वयातच धरावं लागतं. हे लक्षात ठेवलंस की कुठलीही देणगी घेण्याआधी पैसा कुणाचा हे तू आपोआप विचारशील.

"बंदी आहे तरी मिळतोच, मग कायद्याचा काय उपयोग?" असं तू विचारलं आहेस. राज्यात २०१२च्या जुलैमध्ये गुटखा बंद झाला. मग पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळू लागली, दोन्ही एकत्र तोंडात टाकायच्या. जतकडून, मिरजेकडून कर्नाटकची सीमा जवळ, माल पलीकडून येत राहिला. हे सगळं खरं. पण २००९-१०च्या पाहणीत राज्यात तंबाखू घेणारे प्रौढ ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ला २६.६ टक्क्यांवर आले. त्यात कायद्याचा वाटा आहे असं मी मानते. नुसता कायदा करून हे झालं नसतं. माणसं अर्ज करत राहिली.

शेतकऱ्याबद्दल मात्र तोंडून चुकीचा शब्द जाऊ देऊ नकोस. तंबाखूची निपाणी इथून दोन तासांवर आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही जण गेले. पिकवणाऱ्याला भाव मिळत नव्हता, विड्या वळणाऱ्या बायकांच्या छातीत धूळ जात होती, आणि धंदा तर भरभराटीला आलेला. पैसा कुठे थांबत होता ते तूच सांग. टपरीवाले आजोबा याच रांगेत शेवटी उभे आहेत.

आणि सवय म्हणजे काय चीज आहे हे कळायला आपल्या जिल्ह्याला लांब जायला नको. अंजनीचे आर. आर. आबा. राज्याचे गृहमंत्री, ज्यांनी डान्सबार बंद केले, गावोगाव हातात झाडू दिला. त्यांना तंबाखूची सवय होती हे तासगावात कुणापासून लपलं नव्हतं. १६ फेब्रुवारी २०१५ला तोंडाच्या कॅन्सरने गेले, वय ५७. त्या दिवशी बाजारपेठ आपोआप बंद झाली आणि बंद टपऱ्यांच्या फळ्यांवर बसून माणसं तंबाखू मळत रडत होती. मी डोळ्यांनी पाहिलं. एवढा करारी माणूस जिथे अडकला, तिथे तुझ्या मावसभावाला "मनावर घे, सुटेल" म्हणून कसं चालेल? साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते व्यसनी माणूस हा रुग्ण आहे असं मानूनच. त्याला तसंच वागव.

आता कामाचं. कॉलेजशेजारच्या शाळेपासून सुरुवात कर. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे साधारण साडेएक्याण्णव मीटर. हे अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून धरायचं, फाटकापासून नाही. इथेच सगळे फसतात. मागच्या गल्लीतली टपरी फाटकापासून दोनशे मीटर भरते आणि मागच्या भिंतीपासून वीस. निवृत्त झाल्यावर मी चार मुलींना घेऊन एका शाळेभोवती असं मोजलं. तीस मीटरची कापडी टेप तीनदा, वर दीड मीटर. तीन टपऱ्या आत निघाल्या. आम्ही टपरीवाल्यांशी आधी बोललो. त्यातला एक म्हणाला, "बाई, बरणी गोळ्या-चॉकलेटच्या शेजारी ठेवायची म्हणून कंपनीचा माणूस महिन्याला पैसे देतो, ते तुम्ही देणार का?" मला उत्तर देता आलं नाही. पण त्याचं वाक्य मी तारखेसकट वहीत लिहून घेतलं, कारण अर्जात आमच्या मतापेक्षा त्याला वजन होतं.

नकाशा काढ, अंतरं लिही, फोटोत माणसाचा चेहरा येऊ देऊ नकोस, बरणी आणि पाटी येऊ दे. अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस ठाण्याला आणि महापालिकेला, गुटखा असेल तर अन्न व औषध प्रशासनालाही. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक टाकून पोच घे. २००३च्या कायद्यात शाळेजवळ विक्रीला दंड जेमतेम दोनशे रुपयांपर्यंत आहे, त्याला कुणी घाबरत नाही. पण अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू दिल्याबद्दल बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम अर्जात लिही. ते टपरीवाल्यावर उगारायला लिहायचं नाही, साहेबांनी अर्ज वाचावा म्हणून लिहायचं. आमच्या तीन टपऱ्यांपैकी एक हलली, एकाने तंबाखू बंद करून वडापाव सुरू केला, तिसरी पंधरा दिवसांनी परत आली. आम्ही पुन्हा अर्ज केला. तिसरा अर्ज अजून प्रलंबित आहे.

व्हिडिओ काढलास की त्या आजोबांकडे जा आणि माफी माग, एकटा, मोबाइल खिशात ठेवून. मग त्यांना विचार, माल कोण टाकतो, कधी येतो, बरणी कुठे ठेवायला सांगतो. सांगतील असं नाही.

रविवारी सकाळी आठला घरी ये. शाळेला सुट्टी असते आणि टपऱ्या उघड्या असतात. येताना टेप घेऊन ये, माझी पंचवीस मीटरच्या पुढे फाटली आहे.

तुझ्या
बाई