‘पास आउट’ झालो म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न : माझ्या मुलीने इंग्लंडच्या विद्यापीठाच्या अर्जात ‘आय पास्ड आउट ऑफ कॉलेज इन २०२१’ असं लिहिलं. तिकडे राहणारी तिची मावसबहीण म्हणाली, ते आधी खोड, त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो. आम्ही तर जन्मभर हेच म्हणत आलो. मग आमचं चुकलं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : मावसबहिणीचं ऐका, पण तुमच्याकडे चूक नाही. आपल्याकडचा ‘पास आउट’ अगदी चांगल्या घरचा आहे. सैन्यात आणि पोलिसांत प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं, हा त्याचा अर्थ इंग्लंडमध्ये आजही चालतो. त्या दिवशीचं संचलन ते ‘पासिंग आउट परेड’. आपण तो शब्द कॉलेजलाही लावला, आणि तेवढंच तिकडे कुणी करत नाही.

माझा भाचा खडकवासल्याच्या एनडीएमधून बाहेर पडला, तेव्हा खेत्रपाल मैदानावर मी हजर होते. तीन वर्षांचं शिक्षण संपवून ती मुलं संथ पावलं टाकत समोरून गेली आणि माझे डोळे भरून आले. मे महिना होता. आमच्या मागच्या रांगेतल्या एक आजी उन्हाने भोवळ येऊन खुर्चीतच कलंडल्या. पाणी मारल्यावर सावरल्या आणि पहिला प्रश्न, ‘नातू गेला का पुढे?’ त्या सकाळी नातू ‘पास्ड आउट’ आणि आजीही ‘पास्ड आउट’! त्याच मैदानावरून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेही ‘पासिंग आउट’च.

तिसरा अर्थ वाटण्याचा. ‘द टीचर पास्ड आउट द पेपर्स’ म्हणजे बाईंनी पेपर वाटले. पुढे कर्म आलं की वाटणं; माणूस एकटाच ‘पास आउट’ झाला आणि संदर्भ परेडचा नसला, की तिकडच्या वाचणाऱ्याला शुद्ध हरपलेला किंवा पिऊन आडवा झालेला माणूसच दिसतो. अर्ज वाचणाऱ्याला तुमच्या लेकीबद्दल क्षणभरही असं वाटू नये.

म्हणून तिला ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२१’ असं लिहायला सांगा. कॉलेजचं नाव घालायचं असेल तर त्याआधी ‘फ्रॉम’ हवंच, ते आपल्याकडे हमखास गळतं. बारावीबद्दल लिहिताना मात्र ‘ग्रॅज्युएटेड’ नको, इंग्लंडमध्ये तो शब्द पदवीसाठी राखलेला आहे. तिथे ‘आय फिनिश्ड स्कूल’ पुरे. घरी, मैत्रिणींत ‘पासआउट झाले’ खुशाल म्हणू दे, मीही म्हणते.