टाकी अर्धी झाली की ट्रक का बंद पडतो?

प्रश्न : आमचा सहाचाकी ट्रक २००६ चा, जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाचा आहे. दीर चालवतात, हिशेब मी बघते. देवरूखकडून कोल्हापूरला चिरे जातात. पावसाळा संपल्यापासून गाडी मध्येच बंद पडते. आधी पिकअप जातो, दोन-चार हिसके देते आणि थांबते. डिझेलचा हातपंप मारला की वीस मिनिटांनी सुरू. कधी आठवडाभर काही नाही, कधी आंबा घाटात एकाच खेपेत दोनदा. फिल्टर दोनदा बदलले, पंप उतरवून कॅलिब्रेशन केलं (डिझेलचं माप जुळवून घेतलं), इंजिनात डिझेल फवारणारे नोझल नवीन टाकले. खाली कुठेही डिझेल गळत नाही. आता सगळे म्हणतात, गाडी काढून टाका. प्रत्येक वेळेची नोंद मी वहीत ठेवली आहे, ते पान सोबत पाठवते.
– एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : ताई, गाडी विकायची घाई करू नका. गाडी कुठे बंद पडली हे तुम्ही लिहिलंच आहे, पण हिशेबाच्या सवयीनं डिझेल कधी भरलं तेही त्याच पानावर आहे. अकरा नोंदी मी दोनदा वाचल्या. टाकी फुल्ल केल्यावरच्या पहिल्या खेपेला गाडी एकदाही अडलेली नाही. अडली ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला. दोष पंपात असता तर टाकीत डिझेल किती आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं? अडतीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय, पण इतकी उपयोगी नोंद मला क्वचित कुणी आणून दिली.

हातपंप मारल्यावर सुरू होते म्हणजे गाडी एअर घेते, डिझेलच्या लाइनीत हवा शिरते. कुठून घेते, एवढंच शोधायचं. टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देतो तो फीड पंप. त्याच्या पुढची लाइन दाबाखाली असते. तिथला नट ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते, हाताला लागतं. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र डिझेल ओढलं जातं. तिथे चीर असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा राहतो, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. नोझल उघडायला साधारण २०० बारचा दाब लागतो. मुख्य पंपात हवा शिरली की त्यातला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, नुसती हवाच दाबत राहतो आणि नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही.

तुमच्या गाडीत माझा संशय टाकीच्या आतल्या, डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाइपावर आहे. हा पाइप टाकीच्या वरच्या झाकणाला ब्रेझिंग करून (पितळ वितळवून जोडून) बसवलेला असतो आणि तळाच्या थोडा वर संपतो. रस्त्याच्या हादऱ्यांनी त्याला केसाएवढी चीर जाते. टाकी भरलेली असेपर्यंत चीर डिझेलखाली असते, म्हणून त्रास होत नाही. पातळी उतरली की ती उघडी पडते. पाइप टाकीच्या पुढच्या अंगाला असेल तर चढावर डिझेल मागे सरकतं आणि चीर आणखी लवकर उघडी पडते. घाटातच गाडी जास्त का अडते, ते यावरून कळेल.

काही वर्षांपूर्वी शिरोली नाक्याजवळच्या माझ्या गॅरेजात विटांची एक गाडी अशीच आली होती. मालकानं पंपावर दोनदा खर्च केला होता. आम्ही पाइप काढला, पुसला, उजेडात फिरवून बघितला. काही दिसेना. मग खालचं तोंड अंगठ्यानं दाबून पाइप पाण्याच्या बादलीत बुडवला आणि वरून नळी लावून फुंकलं. ब्रेझिंगच्या खाली चार बोटांवर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले. अंगठा काढून चीर चाचपली तरी नखालाही लागत नव्हती. मालक बराच वेळ त्या बादलीकडेच बघत उभा होता.

तुम्ही आधी एक सोपी परीक्षा करा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन नवीन नळीनं थेट फीड पंपाला जोडा, उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. कॅन सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधून ठेवा. टाकी अर्ध्याखाली असताना रिकामी गाडी सपाट रस्त्यावर एक-दोनदा फिरवा. घाटात नेऊ नका. एरवी त्रास देणारी गाडी कॅनवर नीट चालली तर दोष टाकी ते पंप एवढ्याच टप्प्यात असल्याचा संशय पक्का होतो. मग पाइप काढून बादलीची परीक्षा करा. रबरी नळी जुनी असेल तर तीही बदला. आतला थर सुटतो आणि ओढ वाढली की पडद्यासारखा आडवा येतो, बाहेरून नळी नव्यासारखी दिसते. तांब्याची वायसरं पुन्हा वापरू नका. ब्रेझिंगसाठी पाइप टाकीपासून पूर्ण वेगळा करून लांब न्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, टाकीजवळ ज्योत नको.

काम होईपर्यंत टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. आणि दिरांना माझं सांगणं पोचवा : घाटात इंजिन बंद पडलं की एअरब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नका, ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, ब्रेकच्या टाकीतली हवा संपत जाते. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाका. रात्री मागून दुचाकीवर कुणाचं तरी लेकरू येत असतं.

प्रश्न : आमची जुनी गाडी चालता चालता चावी काढल्यासारखी एकदम बंद होते, लगेच सुरूही होते. हेही एअरचंच का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : नाही. एअर घेतलेली गाडी दम तोडत, हिसके देत थांबते आणि हातपंपाशिवाय सहसा उठत नाही. तुमच्या गाडीचा करंट तुटतोय. पंपावर स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणारा विजेवरचा खटका असेल आणि त्याला चालू असताना करंट लागत असेल, तर आधी त्याची वायर आणि अर्थिंगची जोडणी बघा. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा आणि वायर कनेक्टरपाशी हलवा. सोलेनॉइड टक्-टक् वाजला तर ती जोडणी ढिली आहे. फ्यूजचा डबा आणि चावीचं स्विच त्यानंतर.