अवकाश विज्ञानाच्या प्रसाराला अनुदान: छोट्या गटाने कुठे अर्ज करावा?

शाळांमध्ये अवकाश विज्ञानाचे कार्यक्रम घेणाऱ्या छोट्या गटाला पैसे कोण देईल, असा तुमचा प्रश्न आहे. आधी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं केपटाउनमधलं 'ऑफिस ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी फॉर डेव्हलपमेंट' बघा. २०११ मध्ये सुरू झालेलं हे कार्यालय जगभरातून प्रकल्प मागवतं. मात्र नुसतं आकाशदर्शन त्यांना पुरत नाही. खगोलशास्त्रामुळे समाजाचा कोणता प्रश्न सुटेल, हे सांगावं लागतं. नासाच्या 'स्पेस ग्रँट' या शिक्षण-अनुदान योजनेचं नाव सगळे घेतात, पण तो पैसा अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आणि इतर संस्थांच्या ५२ समूहांमार्फत वाटला जातो. बाहेरच्यांनी त्यामागे वेळ घालवू नये.

दुसरी वाट फारसं कुणी सुचवत नाही. संशोधनाला पैसा देणाऱ्या बऱ्याच संस्था, समाजाला त्या संशोधनाचा काय फायदा होईल, हेही शास्त्रज्ञांना विचारतात. म्हणजे प्रसारासाठी शाळा आणि माणसं जोडून देणारा गट शास्त्रज्ञांनाही हवाच असतो. जवळच्या विद्यापीठातला एखादा संशोधक गाठा, त्याच्या प्रस्तावात सहभागी व्हा. माझ्या मते नवख्या गटाला हेच सोपं पडतं, कारण हिशेब आणि लेखापरीक्षणाची यंत्रणा विद्यापीठाकडे तयारच असते.

अर्जात मोठी दुर्बीण सगळ्यात वर लिहू नका. (मोह होतो, माहीत आहे!) परीक्षक शिक्षकांचं प्रशिक्षण, प्रवास, साहित्य आणि मूल्यमापन बघतात. मुलांना आधी काय येत होतं आणि नंतर काय आलं, हे कसं मोजणार ते स्पष्ट लिहा आणि त्यासाठी खर्चाची वेगळी तरतूद दाखवा. गट नोंदणीकृत नसेल तर नोंदणीचं काम आजच सुरू करा.