‘मिळाल्यावर’ म्हणजे नक्की कधी?

प्रश्न : आम्ही तिघांनी सोसायट्यांसाठी मेसेजिंगचं अ‍ॅप केलंय, टँकर आला, लिफ्ट बंद आहे असे निरोप त्यावर जातात. आता एका कंपनीचा मेल आलाय की हे त्यांच्या अमेरिकन पेटंटमध्ये येतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेटंटचा थोडक्यात सारांश) वाचला तर अगदी आमचंच वर्णन वाटतं. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पोचपावती आली तरी मेसेज ३० दिवस ठेवतो, मग रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये सगळे जुने मेसेज उडतात. अ‍ॅप बंद करायचं का?
– एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : घाईने काही बंद करू नका. आधी तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट बाजूला ठेवा, त्यावरून हक्क ठरत नाही, हक्क ठरतो क्लेमवरून, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते सांगणाऱ्या पेटंटमधल्या क्रमांकवार वाक्यांवरून, आणि क्लेममधली एकूण एक गोष्ट तुमच्याकडे असायला लागते. तुम्ही पाठवलेल्या क्लेम १ मध्ये सर्व्हर मेसेज साठवतो, क्लायंट ऑनलाइन आला की पाठवतो, क्लायंट पोचपावती देतो आणि ती मिळाल्यावर सर्व्हर मेसेज काढून टाकतो. सगळी मेख या ‘मिळाल्यावर’मध्ये आहे. मूळ इंग्रजीत तिथे ‘इन रिस्पॉन्स टू’ आहे, म्हणजे पावतीमुळे डिलीट व्हायला हवं, तुमचा जॉब तर पावती बघतच नाही, फक्त तारीख बघतो. तिथे नुसतं ‘आफ्टर’ असतं तर ३० दिवसांनी केलेलं डिलीटसुद्धा ‘नंतर’च झालं असतं आणि तुम्ही अडचणीत आला असतात! पेटंट ऑफिसशी झालेला त्या कंपनीचा पत्रव्यवहारही काढा, तो बघायला मिळतो. ताबडतोब डिलीट करणं हेच आमचं नावीन्य असं त्यांनी तिथे लिहून दिलं असेल तर आता त्यांना शब्द फिरवणं अवघड जाईल.

अमेरिकन पेटंट भारतात चालत नाही हे खरं, पण न्यू जर्सीत राहणारे फ्लॅटमालक अ‍ॅप वापरत असतील तर सर्व्हर मुंबईत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ब्लॅकबेरी फोनच्या केसमध्ये मेसेज पुढे पाठवणारा रिले कॅनडात होता, तरी २००५ मध्ये अमेरिकन अपील कोर्टाने सिस्टिमचे (म्हणजे पूर्ण यंत्रणेवरचे) क्लेम लागू होऊ शकतात म्हटलं, कारण सिस्टिम वापरणारी माणसं अमेरिकेत होती, मेथडचे (म्हणजे कामाच्या पायऱ्यांवरचे) क्लेम मात्र लागू नाहीत कारण एक पायरी देशाबाहेर घडत होती. तुम्हाला दाखवलेल्या पेटंटमध्ये क्लेम ११ सिस्टिमचा आहे, तोही असाच शब्द न् शब्द तपासा.

मेलला ‘हो, आमचंही तसंच चालतं’ असं उत्तर चुकूनही देऊ नका, आधी अमेरिकन पेटंट वकिलाला दाखवा. आणि डिलीटचा जॉब कधीपासून असा चालतोय ते गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) दिसतं, ती हिस्ट्री कोणालाही पुसू देऊ नका.