वडिलांच्या डोळ्यांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या: त्यांनी घ्याव्यात, तुम्ही नको

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ७२ वर्षांचे, गोव्यात साखळीला राहतात. उजव्या डोळ्यात ओल्या प्रकारचं मॅक्युलर डिजनरेशन आहे आणि त्यावर इंजेक्शनं चालू आहेत. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टरांनी 'मध्यम टप्पा' असं लिहून दिलंय. बरीच वर्षं सिगरेट ओढली, आता सोडलीय. बहिणीने लंडनहून डोळ्यांच्या व्हिटॅमिनची बाटली पाठवलीय आणि इथल्या दुकानदाराने गोळ्यांची वेगळीच पट्टी हातात ठेवलीय. यातलं काय द्यायचं, गोळ्या चालू केल्यावर इंजेक्शनं थांबवता येतील का, आणि आजार घराण्यात आहे म्हणून तुम्हीही ४६व्या वर्षापासून गोळ्या घ्याव्यात का?

मी फोंड्यात औषधांचं दुकान चालवते. हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो, पण मागे रांग असते आणि नीट बोलणं होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. वडिलांना फायदा होण्याची शक्यता खरी आहे, मात्र घटक आणि मात्रा ठरलेल्या हव्यात आणि त्या गोळीत बीटा-कॅरोटीन (गाजरातला तो केशरी घटक, ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) अजिबात नको. तुम्हाला या गोळ्यांचा उपयोग नाही. इंजेक्शनं थांबवायची नाहीत.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला इवलासा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, बांगड्याचे काटे काढणं, ही सगळी बारीक कामं त्याच्या जोरावर चालतात. वय वाढतं तसे त्याच्याखाली पिवळसर ठिपके साचू लागतात. डॉक्टर त्यांना ड्रुझेन म्हणतात. ठिपके लहान आणि थोडे असतील तर तो सुरुवातीचा टप्पा, मोठे झाले की मध्यम. त्याच्यापुढे एक तर पडद्याच्या पेशी झिजत जातात, नाहीतर पडद्याखाली नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी-रक्त झिरपतं. हा दुसरा प्रकार ओला. वडिलांच्या उजव्या डोळ्यात तो झालाय. डावा डोळा अजून मध्यम टप्प्यावर आहे, आणि गोळ्यांचा सगळा विचार त्या डाव्या डोळ्यासाठी आहे.

या गोळ्यांचा नुस्खा आला तो अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने केलेल्या मोठ्या चाचणीतून. तिचं छोटं नाव एरेड्स. १९९२ मध्ये लोकांना त्यात घ्यायला सुरुवात झाली आणि निकाल २००१ मध्ये आले. रोजची मात्रा अशी होती: व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, बीटा-कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, झिंक ८० मिलिग्रॅम आणि तांबं २ मिलिग्रॅम. तांबं डोळ्यांसाठी घातलेलं नव्हतं. इतकं झिंक रोज पोटात गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून ते भरून काढायला घातलं.

निकाल कोणाला लागू होता ते लक्षपूर्वक वाचा, कारण बाटलीवरच्या जाहिरातीत हीच गोष्ट गाळलेली असते. फायदा दिसला तो दोन गटांत: निदान एका डोळ्यात मध्यम टप्पा असलेल्यांत, आणि एक डोळा पुढच्या टप्प्यावर गेलेला पण दुसरा शाबूत असलेल्यांत. ज्यांना आजारच नव्हता किंवा अगदी सुरुवात होती, त्यांना काही फायदा दिसला नाही. तुमचे वडील दुसऱ्या गटात बसतात.

फायदा किती, तेही आकड्यांत सांगते. या दोन गटांतल्या ज्यांना नुसती साखरेसारखी खोटी गोळी मिळाली, त्यांच्यापैकी शंभरातले साधारण २८ जण पाच वर्षांत पुढच्या टप्प्यावर गेले. पूर्ण नुस्खा घेणाऱ्यांपैकी २० गेले. म्हणजे शंभरातल्या आठांचा डोळा त्या मुदतीत वाचला. वीसजण गोळ्या घेऊनही गेलेच, आणि बहात्तर जण गोळ्या न घेताही गेले नसते. आपल्या माणसाचा दुसरा डोळा त्या आठांत असेल का हे आधी कळत नाही, म्हणून मी म्हणेन की घ्याव्यात. पण हे आकडे वडिलांनाही सांगा. गोळीने गेलेली दृष्टी परत येत नाही, ठिपके पुसले जात नाहीत. दोन महिन्यांनी 'काही फरक पडला नाही' म्हणून माणसं गोळ्या सोडतात, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण फरक जाणवणार नाही हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता सिगरेटचा मुद्दा. तुमच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. १९९४ मध्ये फिनलंडच्या एका चाचणीचे निकाल आले. एकोणतीस हजारांहून जास्त धूम्रपान करणारे पुरुष त्यात होते. बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती, पण घडलं उलट: ते घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणून डोळ्यांची दुसरी चाचणी, एरेड्स-२, २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिअॅझॅन्थिन ही भाज्यांतली पिवळी रंगद्रव्यं चालतात का, हे पाहिलं गेलं. ४,२०३ लोक होते, निकाल २०१३ मध्ये आला. नवी जोडी चालली. आणि जुन्या नुस्ख्याच्या गटात फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांपैकी बहुतेक जण सिगरेट सोडलेले होते. सोडलेले, हे नीट ध्यानात घ्या. २०२२ मध्ये त्याच लोकांचा दहा वर्षांचा मागोवा छापून आला, त्यातही बीटा-कॅरोटीनच्या गटात हा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. ल्युटीनच्या गटात तो वाढला नव्हता.

तेव्हा सोडून कितीही वर्षं झाली असोत, वडिलांच्या गोळीत बीटा-कॅरोटीन नसलं पाहिजे. लेबलवर ते कधी कधी 'व्हिटॅमिन ए, बीटा-कॅरोटीनच्या रूपात' असं बारीक अक्षरात असतं. गाजर, पपई, भोपळा खायला मात्र काही हरकत नाही. धोका आहे तो मोठ्या मात्रेच्या गोळीचा.

लेबल वाचायला बसाल तेव्हा बहिणीची बाटली आणि इथली पट्टी शेजारी शेजारी ठेवा. परदेशातल्या बाटल्यांवर पुष्कळदा दिलेली मात्रा 'दिवसाची' असते आणि ती दोन कॅप्सूलमध्ये विभागलेली असते. एकच घेतली तर निम्मीच मात्रा पोटात जाते. इथल्या पट्ट्यांचं दुखणं वेगळं आहे. पुढे मोठ्या अक्षरात ल्युटीन आणि झिअॅझॅन्थिन, मागे पंधरा-वीस घटकांची यादी, आणि त्यात व्हिटॅमिन सी, ई आणि झिंक रोजच्या गरजेपुरतंच, म्हणजे चाचणीतल्या मात्रेच्या एका तुकड्याइतकं. अशी गोळी वाईट नसते, पण शंभरातले आठ वाचले तो हिशेब तिला लावता येत नाही. घटकांची संख्या पाहून भुलू नका. द्राक्षाच्या बियांचा अर्क, ब्लूबेरी, जिन्को वगैरे गोष्टी त्या चाचण्यांत नव्हत्या.

झिंकबद्दल एक सवलत आहे. एरेड्स-२ मध्ये ८० आणि २५ मिलिग्रॅम अशा दोन्ही मात्रा वापरून पाहिल्या आणि त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. ८० ने पोट बिघडत असेल तर कमी झिंकचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारता येईल. कोणतीही असो, गोळी जेवणानंतरच द्या. रिकाम्या पोटी झिंक घेतलं की मळमळतं, आणि ल्युटीन अंगी लागायला जेवणात थोडा तेल-नारळाचा अंश लागतो.

बाटली उघडण्याआधी वडिलांच्या बाकीच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर व्हिटॅमिन ईची ही मात्रा विचारल्याशिवाय नको, रक्तस्रावाची भीती असते. झिंक काही अँटिबायोटिक्सना पोटात अडवून धरतं, तेव्हा दोन्हींच्या वेळांत अंतर हवं. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तोही सांगा: पहिल्या चाचणीत झिंक घेणाऱ्यांना लघवीच्या तक्रारींसाठी इस्पितळात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं. आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई रोज घेणाऱ्या पुरुषांच्या एका वेगळ्या मोठ्या चाचणीत, २०११ साली, प्रोस्टेटचा कर्करोग थोडा जास्त आढळला होता. वडिलांच्या बाबतीत डोळ्याचा धोका समोर उभा आहे म्हणून मी गोळीच्या बाजूने आहे, पण हा निर्णय सगळं ठाऊक असताना घ्यायला हवा.

इंजेक्शनांबद्दल आता कळकळीने सांगते. ओल्या प्रकारात रक्तवाहिन्यांचं झिरपणं थांबवतं ते इंजेक्शनच. गोळीत ती ताकद नाही. आमच्या दुकानात येणाऱ्या एका गृहस्थांनी 'आता कॅप्सूल चालू आहेत' म्हणून तारखा चुकवल्या, आणि परत गेले तोवर त्या डोळ्याने अक्षर दिसेनासं झालं होतं. पैशांची ओढाताण असेल तर कात्री कॅप्सूलला लावा, इंजेक्शनाला नको. इंजेक्शनांतही स्वस्त पर्याय आहे. बेव्हॅसिझुमॅब आणि महागडं रॅनिबिझुमॅब यांची थेट तुलना अमेरिकेतल्या एका चाचणीत झाली, आणि २०११ मध्ये आलेल्या निकालात दृष्टीच्या बाबतीत दोन्ही सारखीच ठरली. तुमच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नेत्रविभागातही सल्ला घेता येईल.

आता तुमच्याबद्दल. आजार घराण्यातून येऊ शकतो हे खरं, तेव्हा तुमची काळजी बरोबर आहे. पण निरोगी माणसांना वर्षानुवर्षं व्हिटॅमिन ई किंवा बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचण्या झाल्यात, आणि आजार टळला असं त्यांत दिसलं नाही. तुम्ही जाता जाता लिहिलंय की अधूनमधून तुम्हीही ओढता. धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका दुप्पट ते चौपट मानला जातो. कॅप्सूलवर महिन्याला हजार रुपये घालवायला तुम्ही तयार आहात, तर त्याआधी ही सिगरेट बंद करा. त्याहून मोठं काही तुमच्या हातात नाही. रक्तदाब तपासा, आणि बाहुलीत थेंब घालून पडदा तपासून घ्या. वडिलांची हकिगत सांगितलीत की पुढच्या तपासण्या किती दिवसांनी ते डॉक्टरच सांगतील.

खाण्याच्या बाबतीत आपण गोव्यात सुदैवी आहोत. ल्युटीन हिरव्या-लाल पालेभाज्यांत भरपूर असतं: तांबडी भाजी (लाल माठ), पालक, शेवग्याचा पाला. अंड्याच्या बलकात आणि मक्यातही असतं. तांबड्या भाजीवर आपण खोबरं घालतोच, ते ल्युटीन शोषायला मदत करतं. माशांची गोष्ट मला फार रोचक वाटते. एरेड्स-२ मध्ये माशाच्या तेलाच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, काही उपयोग झाला नाही. पण त्याच चाचण्यांतल्या लोकांनी काय खाल्लं याची पाहणी केली, तेव्हा जास्त मासे खाणाऱ्यांत आजार पुढे जाण्याचं प्रमाण कमी दिसलं. तो परिणाम माशांचाच की एकूण राहणीचा, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. पण तारले, बांगडे स्वस्त मिळतात तेव्हा कॅप्सूलवर पैसे कशाला घालायचे? फक्त वडील वॉरफरिनवर असतील तर पालेभाजी एकदम वाढवू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

मोतीबिंदूसाठी या गोळ्या चालतील का, असंही लोक विचारतात. नाही. दोन्ही चाचण्यांत मोतीबिंदूवर लक्षणीय परिणाम दिसला नाही.

वडिलांच्या डाव्या डोळ्यावर घरीच लक्ष ठेवायला चौकटी आखलेला एक कागद मिळतो, मधोमध ठिपका असलेला. त्याला अॅम्स्लर ग्रिड म्हणतात, डॉक्टर देतील. वाचायचा चष्मा लावून, फूटभर अंतरावर धरून, उजवा डोळा झाकून डाव्याने ठिपक्याकडे पाहायचं. रोज, एकाच जागी, सारख्याच उजेडात. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा खोड झाकून टाकतो. रेघा वाकड्या दिसल्या, एखादा चौकोन पुसट झाला किंवा काळा डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर असली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून या: डाव्या डोळ्याचा टप्पा अजून मध्यमच आहे का, वडिलांच्या इतर औषधांसोबत एरेड्स-२ ची मात्रा चालेल का, आणि झिंक किती असावं. तोवर बाटली आणि पट्टी दोन्हींच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो इथे टाकलात तर मी घटक वाचून कळवते.